ओ-३२०: चढताना तीन नंबरचा सिलिंडर तापतो, काउलिंगची (इंजिनावरच्या आवरणाची) हवेची तोंडं मोठी करू का?

चारकोप_शेड
घरी बांधलेलं दोन सीटचं विमान, इंजिन लायकमिंग ओ-३२०. बाहेर ३४ अंश असताना ८० नॉटने चढलं की तीन नंबरचं हेड (सिलिंडरचा डोक्याकडचा भाग) २३२ सेल्सिअसला जातं. बाकी तिन्ही १९८ ते २०६, ऑइल ९८. उद्या फायबरवाला येतोय. पुढची तोंडं किती वाढवायला सांगू?

बॅफलवाला
फायबरवाल्याला आधी थांबवा! चारातला एकच तापतोय, म्हणजे हवा पुरेशी आत येतेय, फक्त त्या सिलिंडरच्या फिन्समधून (थंड करणाऱ्या पात्यांमधून) जात नाहीये. २६० ही कमाल मर्यादा, पण इंजिन टिकवायचं तर क्रूझला (सरळ, स्थिर उड्डाणात) २२४ च्या खालीच हवं.

तीनच्या मागे आणि दोनच्या पुढे हेडच्या फिन्स फार आखूड असतात. तिथे बॅफलचा (हवा फिन्सकडे वळवणारा) पत्रा सपाट टेकला की हवेला खाली उतरायला वाटच राहत नाही. दोन-तीन वॉशर घालून पत्रा थोडा मागे सरकवा. पण सिलिंडरच्या खालच्या बाजूचा पत्रा फिन्सना लपेटूनच हवा. वर मोकळा, खाली घट्ट. हे उलटं झालं तर काहीच उपयोग नाही.

फिन्सच्या मधे ओतकामाचा पापुद्रा राहिलाय का, तेही बघा. ३ मिमीचं ड्रिल बिट हातानेच फिरवून काढा, मशीन लावू नका.

जुहूवारा
त्याआधी तीन आणि एकचे प्रोब (हेडचं तापमान मोजणारे) अदलाबदल करा. आकडा प्रोबबरोबर गेला तर दोष प्रोबचा. स्पार्क प्लगखालच्या रिंगचा प्रोब हेडमधल्या प्रोबपेक्षा जास्त दाखवतो, एकाच इंजिनावर दोन्ही प्रकार नकोत.

मग रात्री शेडचे दिवे बंद करून खालच्या काउलिंगमध्ये एलईडी दिवा सोडा आणि पुढच्या तोंडातून बघा. फिन्समधून दिसणारा उजेड ठीक. कडेने, कोपऱ्यातून दिसला तर तिथून हवा फुकट जातेय. बॅफलच्या कडेची सिलिकॉनची पट्टी (३ मिमी शीट मुंबईत नागदेवीला मिळते) आतल्या बाजूला वळलेली हवी, म्हणजे हवेचा दाबच तिला काउलिंगवर दाबून धरतो. बाहेर वळली की उडते.

रन-अप (उड्डाणाआधी जमिनीवर इंजिन तपासणं) घेताना नाक वाऱ्याकडे ठेवा. दुपारी समुद्रावरचा वारा शेपटीकडून आला तर हेड उगाच तापतात.

चारकोप_शेड
फायबरवाल्याला नको म्हटलं. तीनच्या मागे पत्रा इतका चिकटलाय की पोस्टकार्डसुद्धा सरकत नाही. चारही हेडना एकाच प्रकारचे प्रोब आहेत.

बॅफलवाला
मग वॉशर घालाच. नंतरही चारही हेड तापले तर दाब मोजा. जास्तीचा एअरस्पीड इंडिकेटर (दोन नळ्यांतल्या दाबाच्या फरकावरून वेग दाखवणारा) घ्या, त्याची पिटोची (जास्त दाबाची) नळी इंजिनाच्या वर, स्टॅटिकची (कमी दाबाची) खाली. ८० नॉटला तो ६५ दाखवत असेल, तर समोरच्या हवेच्या दाबाचा सुमारे ६६ टक्के हिस्सा फिन्सवर पडतोय. फार कमी दाखवला तर गळती किंवा खालचं बाहेर जायचं तोंड अरुंद. तेव्हा आधी मागचं तोंड बघा, पुढचं नाही.