शब्दचर्चा : क्रूस, भोग आणि वेठ

प्रश्न

आमच्या ख्रिस्ती मंडळीत दुखणाइताला भेटायला गेलेलं माणूस हमखास एक वाक्य बोलतं : "देवानं दिलेला क्रूस आहे, वाहायला हवा." त्याच घरी शेजारच्या काकू येतात आणि म्हणतात, "भोग आहेत, भोगून संपवायचे." दोघांच्याही मनात धीर देण्याचीच इच्छा असते. पण ही दोन वाक्यं एकच सांगतात का? 'क्रूस वाहणे' म्हणजे वाट्याला आलेलं दुःख निमूट सोसणे, असा अर्थ धरायचा का? शिवाय बायबलात 'वधस्तंभ' आणि बोलण्यात 'क्रूस', यांतला कोणता शब्द कुठे वापरावा? उपवासकाळातल्या प्रार्थनासभेसाठी काही लिहायचं आहे, म्हणून विचारते.

उत्तर

आधी सोपा भाग. 'क्रूस' पोर्तुगीज 'क्रूझ'वरून आला; कोकणीत त्याचाच 'खुरीस' झाला. मराठीत तो आकाराचा शब्द आहे. गळ्यात क्रूस असतो, देवळाच्या शिखरावर क्रूस असतो, थडग्यावर क्रूस असतो. 'गळ्यात वधस्तंभ घातला' असं कुणी म्हणत नाही. 'वधस्तंभ' त्या लाकडाचं काम सांगतो. ग्रीक 'स्तावरोस'चा मुळातला अर्थ जमिनीत रोवलेला खांब असाच आहे, म्हणून भाषांतर म्हणून 'वधस्तंभ' चोख आहे. ऐकायला कठोर वाटतो, पण ती कठोरता मूळ शब्दातही होती. रोमी राज्यात ही शिक्षा मुख्यतः गुलामांना आणि बंडखोरांना होती, आणि शिक्षा झालेला माणूस आडवं लाकूड खांद्यावर घेऊन वधाच्या जागेपर्यंत चालत जाई. 'आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे या' हे येशूचं वाक्य ज्यांनी पहिल्यांदा ऐकलं, त्यांच्या डोळ्यांपुढे हा चालणारा माणूस आला असणार. गुडघेदुखी किंवा कर्ज त्यांच्या मनात येणं कठीण.

आता 'भोग'. 'भोगणे' हे क्रियापद सुखालाही चालतं आणि दुःखालाही. राज्य भोगतात, तुरुंगवासही भोगतात. पण एकट्या 'भोग' शब्दात हिशेब असतो. 'भोग सरले', 'कुठल्या जन्माचे भोग', 'भोगून संपवायचे' या सगळ्यांत मागे कुठेतरी केलेल्या कर्माची बाकी फेडली जाते. दुःखाला कारण आहे आणि ते कारण भोगणाऱ्यातच आहे, असं हा शब्द गृहीत धरतो. योहानाच्या शुभवर्तमानात, ९व्या अध्यायात, शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून नेमकं हेच विचारतात : पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. यरुशलेमेत बुरूज कोसळून १८ जण मेले, त्यांच्याबद्दलही लूकच्या १३व्या अध्यायात तो हाच हिशेब मोडून काढतो. म्हणून 'भोग' आणि 'क्रूस' हे समानार्थी शब्द नाहीत. 'काय काय भोगलं बिचारीनं' असं ख्रिस्ती घरांतही सर्रास बोलतात. त्यात काही वावगं नाही, कारण तिथे फक्त क्रियापद आहे, हिशेब नाही.

पुरवणी, वसईहून

आमच्याकडे 'क्रूसाची वाट' करतात. १४ ठिकाणी थांबायचं, प्रत्येक ठिकाणी प्रार्थना. पाचव्या ठिकाणी शिमोन कुरेनेकर येशूला क्रूस वाहायला मदत करतो. लहानपणी 'मदत करतो' एवढंच ऐकलं होतं. पुढे बायबल उघडून पाहिलं तर तिथे 'वेठीस धरले' असं आहे. तो शेतावरून येत होता, शिपायांनी त्याला पकडलं. मग तो शिष्य म्हणावा की वेठबिगार? इथे 'वाहणे' आणि 'उचलणे' यांत काही फरक आहे का?

उत्तर

फरक आहे, आणि माझ्या मते सगळी चर्चा इथेच येऊन ठेपते.

शुभवर्तमानांत 'आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे या' या एका वचनासाठी तीन क्रियापदं आहेत. मत्तयाच्या १०व्या अध्यायात 'घेणे', मार्कच्या ८व्या अध्यायात 'उचलणे', लूकच्या १४व्या अध्यायात 'वाहणे'. तिन्ही ठिकाणी करणारा स्वतः आहे, आणि मार्कमध्ये त्याच्यापुढे 'जर कोणी येऊ पाहत असेल तर' अशी मोकळीकही आहे. लूक आपल्या ९व्या अध्यायात 'दररोज' हा शब्द घालतो, म्हणजे एकदा उचलून भागत नाही. न विचारता अंगावर आलेल्या गोष्टीला 'उचलणे' म्हणता येत नाही. ताप उचलत नाही कुणी. तो येतो.

शिमोनासाठी मात्र मूळ ग्रीकमध्ये 'आंगारेवो' हे क्रियापद आहे. हा शब्द ग्रीकांनी इराणकडून घेतला. इराणी बादशहाचे जासूद वाटेत कुणालाही पकडून त्याचं जनावर किंवा त्याची मेहनत सक्तीनं घेत, त्या पद्धतीचा हा शब्द. आपली 'बिगार'सुद्धा फारसीतूनच आलेली. तेव्हा 'वेठीस धरले' हा मराठी शब्दप्रयोग इथे अगदी नेमका बसतो.

आता गंमत नव्हे, फार गंभीर गोष्ट. हेच क्रियापद डोंगरावरच्या प्रवचनात येतं. कुणी तुला एक कोस वेठीस धरून नेलं तर त्याच्याबरोबर दोन कोस जा. पहिला कोस वेठीचा आहे, तिथे तुझ्या इच्छेला कुणी विचारलेलं नाही. दुसरा कोस तुझा. ओझं तेच, रस्ता तोच, शिपाईही तोच. दुसऱ्या कोसाला मात्र चालणारा बदललेला असतो. शिमोनाबद्दल लूक दोन शब्द जास्त लिहितो : त्यानं वधस्तंभ 'येशूच्या मागे' वाहिला. शिष्यत्वाच्या वचनातही 'माझ्यामागे' हेच आहे. शिवाय मार्क शिमोनाला अलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप म्हणतो, जणू वाचणाऱ्यांना ही मुलं माहीत आहेत. प्रेषित पौल रोमकरांना लिहिताना कुणा रूफाला सलाम सांगतो. तो हाच रूफ असेल असं अनेकांना वाटत आलं आहे. खात्रीनं सांगता येत नसलं तरी मार्कनं ती नावं उगाच दिली नसावीत.

म्हणून माझं म्हणणं असं की दुःखात आपोआप काही अर्थ नसतो. वेठ ही वेठच असते. अर्थ येतो तो आपण कुणाच्या मागे चालतो यातून, आणि तो पहिल्याच पावलाला येईल असंही नाही.

आक्षेप, नगरहून

'वेठ' शब्द इतक्या सहजपणे वापरू नये, एवढंच सांगायचं आहे. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं. पुढे त्या मंडळीत जी घरं आली त्यांतली पुष्कळ महार-मांगांची होती, आमचंही त्यातलंच. आमच्या पणजोबांनी पाटलाच्या वाड्यावर खरीखुरी वेठ केली आहे. कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्यानं गेली ती १९५८ च्या कायद्यानं. अशा माणसाला 'दुसरा कोस जा' असं पुलपिटावरून सांगायचं, तर सांगणारा कोण आहे हे आधी पाहावं लागेल. दारुड्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला 'हा तुझा क्रूस' असं सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. तिथे अध्यात्म शोधण्याआधी पोलीस ठाणं शोधावं.

उत्तर

पूर्ण मान्य. आणि शब्दांच्या बाजूनंही तुमचंच बरोबर ठरतं. त्या बाईनं मार 'उचललेला' नाही. तिच्या बाबतीत 'क्रूस' हा शब्दच चुकीचा. दुसऱ्याच्या खांद्याकडे बोट दाखवून 'तो तुझा क्रूस' असं म्हणायची मुभा शुभवर्तमानात कुणालाच दिलेली नाही. तिथे सर्वनाम 'आपला' आहे, आणि ते ज्याचं त्यानं उच्चारायचं आहे.

दुःख टळावं म्हणून मागणं हाही शिष्यत्वाचाच भाग आहे. गेथशेमाने बागेत येशूनं स्वतः 'हा प्याला माझ्यापासून दूर कर' अशी प्रार्थना केली. पौल आपल्या शरीरातल्या काट्याबद्दल लिहितो, तो काढून टाकावा म्हणून त्यानं तीनदा विनवलं. उत्तर आलं ते 'माझी कृपा तुला पुरे आहे' असं. पण आधी मागणं झालं, हे विसरून फक्त उत्तर सांगितलं जातं. आणि लक्षात घ्या, पौल त्याला 'काटा'च म्हणतो, क्रूस म्हणत नाही.

वेठीचा दुसरा कोस कसा दिसतो याचं आपल्याच भाषेतलं उदाहरण पंडिता रमाबाई. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई-वडील आणि बहीण गेली. पुढे १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली नवरा. पदरात लहान मनोरमा. यातलं काहीही त्यांनी निवडलं नव्हतं. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना केडगावला घेऊन आल्या. तिथूनच 'मुक्ती' या त्यांच्या आश्रमाचं काम वाढत शेकडोंवर गेलं. हे जाणं कुणी लादलेलं नव्हतं. भुकेनं माणूस कसं मरतं ते ठाऊक असलेली बाई भुकेल्यांकडे चालत गेली. पहिला दुष्काळ चांगला होता असं यावरून कुणी म्हणू नये, त्यांनीही म्हटलं नाही. १९२१ साली मनोरमाही गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलाचं मराठी भाषांतर करत होत्या, साध्या बायकांना कळेल अशा भाषेत. ते काम त्यांनी हातावेगळं केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या.

प्रश्न

'क्लेश', 'संकट', 'सहन' यांचं काय? आणि कलस्सैकरांच्या पत्रात, पहिल्या अध्यायाच्या २४व्या वचनात, पौल म्हणतो की ख्रिस्ताच्या क्लेशांतलं जे उणं आहे ते मी आपल्या देहात भरून काढतो. उणं कसं काय राहील?

उत्तर

त्या वचनात दुःखासाठी दोन वेगळे ग्रीक शब्द आहेत. पौलाच्या स्वतःच्या दुःखांना 'पाथेमा' आणि ख्रिस्ताच्या क्लेशांना 'थ्लिप्सिस'. 'थ्लिप्सिस' म्हणजे दाब, चेपलं जाणं. गर्दीत माणूस चेपतो तसं. आपला 'संकट' शब्द इथे किती जवळचा आहे पाहा : संस्कृतात त्याचा पहिला अर्थ अरुंद, चिंचोळा. रोमकरांच्या ५व्या अध्यायात संकटातून धीर आणि धिरातून शील अशी जी साखळी आहे, तिथे 'थ्लिप्सिस'साठी मराठी बायबलानं 'संकट'च घेतला आहे. ख्रिस्ताच्या वधस्तंभावरच्या मरणासाठी मात्र नव्या करारात 'थ्लिप्सिस' कुठेही येत नाही. म्हणून उणीव तारणात, म्हणजे ख्रिस्तानं केलेल्या सुटकेत, नाही. सुवार्ता घेऊन फिरताना मंडळीवर जो दाब येतो त्यातला वाटा अजून उरला आहे, आणि तो मी उचलतो, असं पौल सांगतो. प्रॉटेस्टंट भाष्यकार बहुतेक हाच अर्थ घेतात. कॅथॉलिक परंपरा आणखी पुढे जाते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ ला दुःखावर एक प्रेषितीय पत्र लिहिलं, ते याच वचनानं सुरू होतं. १९८१ साली त्यांच्यावर गोळीबार झाला होता, त्याला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. ख्रिस्तानं आपलं दुःख माणसांसाठी खुलं ठेवलं, म्हणून आजारी माणूसही अंथरुणावरून त्यात सहभागी होऊ शकतो, असं ते मांडतात. 'दुःख अर्पण करणे' हा वसईकडचा प्रयोग याच विचाराचा. मला तो आवडतो, कारण अर्पण करणारा स्वतः करतो. दुसऱ्यानं त्याच्या वतीनं करायचं नसतं.

'सहन' हा शब्द आपण फार मऊ करून टाकला आहे. 'सह्' धातूचा वेदांतला अर्थ आहे मात करणे, जिंकणे. 'सहस्' म्हणजे बळ, आणि 'साहस' त्यातूनच आला. नव्या करारातला 'हुपोमोने', म्हणजे ओझ्याखाली पाय रोवून उभं राहणं, याला 'सहनशीलता' हा शब्द चालतो तो या जुन्या अर्थानं. 'निमूट' हे विशेषण त्याच्यामागे आपण जोडलं. यशयाच्या ५३व्या अध्यायातला दुःख सोसणारा सेवक तोंड उघडत नाही, हे खरं. पण वधस्तंभावरून 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' असा आक्रोशही ऐकू येतो, आणि तो २२व्या स्तोत्रातला आहे. म्हणजे तक्रार करायला शब्द हवेत म्हणून ते आधीपासूनच प्रार्थनापुस्तकात ठेवलेले होते. १३व्या स्तोत्राची तर सुरुवातच 'कोठवर'नं होते.

प्रश्न

मग दुखणाइतासाठी प्रार्थनेत नेमकं काय लिहू?

उत्तर

याकोबाच्या पत्राच्या ५व्या अध्यायात दोन प्रश्न येतात. तुमच्यात कुणी दुःख सोसत आहे का? त्यानं प्रार्थना करावी. तुमच्यात कुणी आजारी आहे का? त्यानं मंडळीच्या वडिलांना, म्हणजे वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना, बोलवावं, त्यांनी तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी. शब्द वेगळे आणि करायची गोष्टही वेगळी. तुम्हीही दोन वेगळी वाक्यं करा. आजाऱ्यांसाठी बरं होणं मागा, 'आजार', 'वेदना', 'थकवा' हे साधे शब्द वापरा आणि एखादं 'कोठवर' राहू द्या. ज्यांनी खऱ्यासाठी किंवा कुणाच्या तरी भल्यासाठी जाणूनबुजून काही पत्करलं आहे, त्यांच्या वाक्यात 'क्रूस' येऊ द्या. आणि तुमच्या प्रार्थनासभेत दुखणाइताला स्वतःहून 'हे मी प्रभूच्या मागे वाहतो' असं म्हणावंसं वाटलं, तर त्यासाठी थोडी शांत जागा सोडा. ते वाक्य मात्र छापू नका.