मदत हवी आहे: उद्योगाच्या सरकारी सवलतींसाठी तालुक्याचा गट कोणत्या निकषावर ठरतो?

नमस्कार मंडळी, नागपूरहून विचारतोय. माझा चुलतभाऊ भिवापूरकडे मिरची पावडरचं छोटं युनिट टाकायचं म्हणतोय. तिथे सातऱ्यावर, म्हणजे मिरची खुडायच्या जागेवर, बाया दिवसभर खाली बसून मिरचीची देठं खुडतात, हाताची नुसती आग होते, आणि माल मात्र पोत्यात भरून बाहेर जातो, दळणाचा पैसा दुसरेच कमावतात. म्हणून हे युनिट गावातच व्हावं असं मनापासून वाटतं.

आता राज्य सरकारच्या उद्योगांसाठीच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत, जी 1964 पासून वेगवेगळ्या रूपात चालू आहे, तालुक्यांचे ए, बी, सी, डी, डी प्लस असे गट असतात, शिवाय विनाउद्योग जिल्हे आणि नक्षलग्रस्त भाग वेगळे, आणि जितका भाग मागास तितकी जीएसटी परतावा, व्याज, वीज, मुद्रांक शुल्क यात सवलत जास्त. पण गट ठरवायचं एकक तालुका किंवा जिल्हा! एखाद्या तालुक्यात एमआयडीसी चांगली चालली की त्याच तालुक्यातलं कोरडवाहू गावही पुढारलेलं धरलं जातं, हे मला पटत नाही. गडचिरोलीला जास्त मिळावंच, त्याबद्दल दुमत नाही.

तर कुणी सांगाल का भाऊ, सध्या भिवापूर कोणत्या गटात आहे, गट ठरवताना दरडोई उत्पन्न बघतात की फक्त कारखाने मोजतात, आणि जिल्हा उद्योग केंद्रात या सवलतींच्या पात्रता प्रमाणपत्राचा अर्ज मशीन घ्यायच्या आधी करायचा की नंतर? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, बँकेत फाईल टाकायची आहे.