बाईकवर अ‍ॅक्शन कॅमेरा कुठे आणि कसा लावता? अनुभव लिहा

पावसाळा तोंडावर आला, ताम्हिणी-माळशेजचे बेत सुरू झाले, आणि दरवर्षीप्रमाणे व्यनितून (खाजगी निरोपातून) तोच प्रश्न: "कॅमेरा कुठला घेऊ?" माझ्या मते कॅमेरा दुय्यम, माउंट (कॅमेरा बसवायची पकड) महत्त्वाचा. महागडा कॅमेरा चुकीच्या जागी लावला तर चार तासांच्या राइडमधून चार मिनिटंही बघण्यासारखी निघत नाहीत. तेव्हा कॅमेऱ्याचं मॉडेल बाजूला ठेवा. तो बसवता कुठे, तिथेच का, हे लिहा.

सुरुवात मीच करतो. फुलफेस हेल्मेट आणि हनुवटीवर माउंट. नजर जाते तिकडे कॅमेरा जातो, शिवाय मान धक्के बऱ्यापैकी गिळते. हेल्मेटच्या माथ्यावर उभा केलेला कॅमेरा, म्हणजे डोक्यावरचा टॉवर, मला पटत नाही. वारा धरतो, मान अवघडते, आणि दिसतोही विचित्र.

बुलेटवाली
हँडलबारचं नाव काढू नका! सिंगल सिलिंडरच्या थरथराटात चित्र जेलीसारखं हलतं. स्टॅबिलायझेशन (चित्राची हालचाल सावरणारी सोय) लावलं की आणखी गंमत: रस्ता स्थिर आणि टाकी, मीटर, आरसे नाचतायत. कारण कॅमेऱ्यातला जायरो (हालचाल ओळखणारा सेन्सर) बाहेरच्या जगाच्या हिशोबाने चित्र सावरतो, गाडीच्या नव्हे. फ्रेममध्ये गाडी जितकी जास्त, तितका हा नाच जास्त. मी छातीवरचा पट्टा वापरते. दोन्ही हात, क्लच, मीटर सगळं येतं, आणि बघणाऱ्याला आपण गाडीवर बसलोय असं वाटतं. पण हे सरळ बसायच्या गाड्यांसाठी. स्पोर्ट्स बाईकवर वाकून बसणाऱ्याला नुसती टाकीच दिसेल. आणि हो, पावसात रेनकोट आधी, पट्टा वरून. नाहीतर कॅमेरा कोटाच्या आत!

घाटवेडा
वरच्या ताईंना अनुमोदन. हँडलवर फोन लावणाऱ्यांनीही ऐका: मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलींच्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन आणि ऑटोफोकस बिघडू शकतं, असं अ‍ॅपलनेच २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. नकाशा बघायचा तर कंपन शोषणारा होल्डर घ्या.

सुट्टे पार्ट
हेल्मेटांचं दुकान आहे म्हणून माउंटचा बेस हेल्मेटला चिकटवणाऱ्या चिकटपट्टीबद्दल सविस्तर लिहितो, कारण बहुतेक कॅमेरे पडतात ते इथेच.
शेल (हेल्मेटचं बाहेरचं कवच) आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिश, मेण, बोटांचं तेल काही राहता कामा नये. सपाट बेस गोल पृष्ठभागावर दाबून बसवू नका. कडा हळूहळू सुटतात. कर्व्ह्ड बेस मिळतो, तो घ्या. दाबून धरा आणि २४ तास कॅमेरा लावूच नका. गिऱ्हाईक "आज संध्याकाळीच निघायचंय" म्हणतं, तेव्हा मी छातीचा पट्टा गळ्यात मारतो. खरखरीत मॅट फिनिशवर पट्टी भरवशाने बसत नाही, हेही आधीच सांगतो.
काढताना हेअर ड्रायरने कोमट करा आणि दात साफ करायच्या फ्लॉसचा दोरा करवतीसारखा मागून ओढा. पेट्रोल, थिनर अजिबात नाही. प्लास्टिकचं शेल आतून कमकुवत होतं आणि बाहेरून पत्ता लागत नाही. स्क्रूसाठी भोक पाडून मागणारेही येतात. त्यांना हात जोडतो.
बकलमध्ये (कॅमेरा बेसला अडकवणाऱ्या क्लिपमध्ये) खोचायचा तो छोटा पांढरा रबरी तुकडा टाकून देऊ नका. बकलचे दोन कान आत दाबले जाऊन सुटू नयेत म्हणून तो असतो. आणि माउंट सुटला तरी कॅमेरा लटकून राहावा म्हणून एक बारीक दोरी हवीच. फक्त ती हेल्मेटच्या पट्ट्याला नको, वेगळ्या चिकट अँकरला बांधा.

वऱ्हाडी
भाऊ, आमच्याकडे मे महिन्यात वेगळाच तमाशा. गाडी चालू असते तोवर वारा कॅमेऱ्याला थंड ठेवते. सिग्नलवर उभे राह्यलो की तापून बंद. म्हणून 4K (जास्त बारकाव्याचं चित्र) चा हट्ट सोडला, कमी बारकाव्याच्या 1080 वर भागते. थांबलो की आधी रेकॉर्डिंग बंद.

कोकणकडा
आवाजाचं कुणीच लिहिलं नाही. साठच्या पुढे नुसता वारा ऐकू येतो. माईक हेल्मेटच्या आत, हनुवटीच्या पॅडिंगमागे, फोमची टोपी घालून. पण माईकची वायर जोडायला बॅटरीचं झाकण उघडं राहिलं की वॉटरप्रूफपणा संपला. म्हणून पावसात मी कॉलर माईक फोनला लावते, फोन जॅकेटच्या आतल्या खिशात, आणि सुरुवातीला एकदा हॉर्न. नंतर व्हिडिओ आणि फोनवरचा आवाज, दोन्हीकडे तोच हॉर्न जुळवायचा.
लेन्सवरचे थेंब: हनुवटीवर असेल तर डाव्या हातमोज्याने पुसता येतो, तेही थांबून.

नवशिका
पण हेल्मेटवर लावणं कायद्यात बसतं का?

घाटवेडा
सगळीकडे सारखं धरून चालू नका. केरळात मोटार वाहन विभागाने २०२२ मध्ये हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यांविरुद्ध कारवाईची भूमिका घेतली होती. मुद्दा असा, की पडल्यावर हेल्मेट घसरत जायला हवं. बाहेर आलेली वस्तू अडकली तर झटका मानेला. दक्षिणेकडे निघालात तर छातीचा पट्टा सोबत असू द्या.

बुलेटवाली
आणि लडाखला निघालेल्यांनी जादा बॅटऱ्या टँकबॅगेत (पेट्रोल टाकीवर बसणाऱ्या पिशवीत) नको, अंगालगतच्या खिशात ठेवा. थंडीत भरलेली बॅटरीही बघता बघता मान टाकते.