क्लॅशनंतरचा स्ट्रमर
'क्लॅश हा ब्रिटिश पंक बँड फुटल्यावर त्याचा गायक जो स्ट्रमर संपलाच' असं एक मत आहे, ते मला अर्धंच पटलं. १९८९च्या 'अर्थक्वेक वेदर'नंतर त्याचा पुढचा अल्बम थेट १९९९ला आला, हे खरं. पण मध्ये त्याने पोग्ज या बँडचा 'हेल्स डिच' अल्बम प्रोड्यूस केला (१९९०), आणि त्यांचा गायक शेन मॅकगोवन बाहेर पडल्यावर त्याच्या जागी उभा राहून गायलाही.

'वॉकर'चं (१९८७) नाव मात्र या चर्चेत अजून कुणीच काढलं नाही! ॲलेक्स कॉक्सच्या निकाराग्वावरच्या सिनेमाला स्ट्रमरने दिलेलं संगीत. बरंचसं नुसती वाद्यं, लॅटिन ढंगाचं, पंकचा मागमूस नाही. मेस्कालेरोज या आपल्या नंतरच्या बँडसोबत तो पुढे जे मोकळेपणाने करू लागला, त्याची सुरुवात मला तरी इथेच ऐकू येते. त्यांचा 'स्ट्रीटकोर' अल्बम तर डिसेंबर २००२मध्ये स्ट्रमर वारल्यावर बँडमधल्या स्लॅटरी आणि शील्ड्सनी पुरा केला, आणि मेस्कालेरोजच्या तिन्ही अल्बमांत रांगडा तोच.