मदत हवी आहे: ट्यूनिंग बॉक्स घेऊ की रिमॅप करू? जरा लवकर सांगा

शाहूपुरीकर:
मंडळी सरळ प्रश्न आहे. डिझेल गाडी आहे, घाटात अजिबात ओढत नाही. वळणावर दुसऱ्या गिअरला गाडी पार मरते, मागनं ट्रकवाले हॉर्न मारायला लागतात आणि आत बसलेली घरची मंडळी घाबरतात. पिकअप वाढवायला बॉक्सवाला (सेन्सरला जोडायचा छोटा डबा) १८ हजार सांगतोय, रिमॅपवाला (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणारा) २५ हजार. दोन्हीतलं काय करू एवढंच सांगा. गणपतीच्या आत काम व्हायला पाहिजे. आणि कृपा करून "गाडी बदला" असं कोणी सांगू नका, बदलायची नाहीये.

घाटवाटा:
भावा गाडी कुठली? साल काय, किती पळाली, कुठला घाट, गाडीत माणसं किती? यातलं काहीच लिहिलं नाहीस, सांगणार काय?

डिझेल_दरबार:
बॉक्स घ्या, डोळे झाकून. माझ्या स्विफ्टला बरीच वर्षं आहे, काही त्रास नाही. रेल (म्हणजे इंजेक्टरला डिझेल देणारा पाईप) प्रेशर सेन्सरच्या कनेक्टरमध्ये लावायचा, तासाभराचं काम. सर्व्हिसिंगला जाताना काढून ठेवायचा, कोणाला कळत पण नाही. रिमॅप म्हणजे गाडीचा मेंदूच दुसऱ्याच्या हातात देणं, त्याने काय लिहिलं ते तुम्हाला कधी कळणारच नाही.

शाहूपुरीकर:
एर्टिगा व्हीडीआय, २०१६. एक लाख बारा हजार झालेत. आंबा घाट. जाताना उतार असतो, प्रश्न परत येताना, साखरप्याकडून वर चढताना. सासरवाडी देवरुखला आहे, सहा-सात माणसं आणि मागे सामान हे ठरलेलंच. आता सांगा, बॉक्स की रिमॅप.

पुणे_३०:
टायरमध्ये हवा किती असते? माझ्या गाडीचा असाच प्रॉब्लेम होता, नायट्रोजन भरला, बराच फरक पडला.

टॉर्कवाला:
@डिझेल_दरबार पूर्ण असहमत. बॉक्स करतो काय ते आधी समजून घ्या. रेलमध्ये प्रेशर जेवढं आहे त्यापेक्षा कमी आहे असं तो ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) खोटंच सांगतो, मग ईसीयू प्रेशर वाढवतो, इंजेक्टर तेवढाच वेळ उघडा राहतो पण डिझेल जास्त जातं. हवा मात्र तेवढीच. स्वस्तातल्या बॉक्समध्ये बूस्टच्या (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेच्या दाबाच्या) सेन्सरचा काही संबंधच नसतो. हवा न वाढवता डिझेल वाढवलं की काळा धूर आणि सिलिंडरमध्ये उष्णता, दुसरं काही होत नाही. रिमॅपमध्ये डिझेल, बूस्ट, टायमिंग, टॉर्क लिमिट, एक्सलेटरचा मॅप हे सगळं एकमेकाला धरून बदलतात. काम करायचं तर नीट करा.

डिझेल_दरबार:
माझ्या गाडीतून धूर येत नाही. पीयूसी दर वेळी पास होते. चांगल्या बॉक्समध्ये बूस्ट सेन्सरचा कनेक्टर पण असतो, तुम्ही बघितलेला कुठला होता माहीत नाही. आणि रिमॅप केलेली गाडी सर्व्हिस सेंटरने सॉफ्टवेअर अपडेट केली की तुमचे २५ हजार पुसले गेले, ते पण सांगा ना लोकांना.

टॉर्कवाला:
चांगला ट्यूनर फाईल जपून ठेवतो, परत टाकून देतो. आणि २०१६ च्या गाडीला वॉरंटी कुठली? बॉक्सचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे काढून ठेवता येतो, तो फायदा वॉरंटीतल्या गाडीला. यांना त्याचा काय उपयोग?

घाटवाटा:
ही गाडी म्हणजे ९० पीएसवाली, व्हेरिएबल जॉमेट्री टर्बोची (आतली पाती म्हणजे व्हेन हलणारा टर्बो). स्विफ्टचं ७५ पीएसचं इंजिन तेच १.३ फियाटचं पण त्याचा टर्बो साधा, म्हणून @डिझेल_दरबार तुमचा अनुभव यांना जसाच्या तसा लागू होत नाही. एर्टिगाचा २०० न्यूटन मीटर टॉर्क १७५० आरपीएमला येतो, त्याच्या खाली हे इंजिन म्हणजे नुसतं १२४८ सीसी, सात माणसं घेऊन चढणार कसं. हेअरपिनला दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएम १२००-१३०० वर येतं, तिथे टर्बो फिरवायला एक्झॉस्टच नसतो, मग बॉक्स काय आणि रिमॅप काय. रिमॅपने टर्बो थोडा लवकर जागा होईल हे खरं, पण १३०० वर कोणीच काही करू शकत नाही. तिथे वळणाच्या आधीच पहिला टाकायचा. लोक पहिला गिअर टाकायला का कचरतात कळत नाही, घाटासाठीच असतो तो.

शाहूपुरीकर:
गाडी चालवता येते मला. हाच घाट हीच गाडी इतकेच लोक घेऊन दुसऱ्यावर व्यवस्थित चढायची. या उन्हाळ्यापासून नाही चढत.

इचलकरंजीचा_मिस्त्री:
थांबा थांबा. "चढायची" म्हणालात ना? हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला पाहिजे होतं साहेब. आधी ओढत होती आणि आता ओढत नाही म्हणजे गाडीत बिघाड आहे. बिघाड तसाच ठेवून वर बॉक्स लावणं म्हणजे ताप असलेल्या बैलाला चाबूक मारणं. पैसे कोणालाच देऊ नका अजून.

मी डिझेलचीच कामं करतो. या गाडीत तीन गोष्टी बघायच्या. एक, टर्बोपासून इंटरकूलरला जाणारा आणि तिथून इंजिनला येणारा रबरी पाईप. क्लिपपाशी तेलकट ओलं झालंय का, रबर फुगलंय किंवा तडकलंय का बघा. तिथे गळती असली तर एक्सलेटर दाबला की फुस्स आवाज येतो आणि मागून काळा धूर पडतो. दोन, टर्बोच्या अॅक्च्युएटरला जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी. इंजिनाच्या उष्णतेने ती कडक होऊन चिरते. ती चिरली की टर्बोच्या आतले व्हेन उघडेच राहतात, मग खालच्या आरपीएमला बूस्ट तयारच होत नाही, वरच्याला मात्र गाडी पळते. हायवेला तुमची गाडी बरी पळते का? तीन, ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळी बसून तो उघडा अडकणं. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर शेवटचे कधी बदलले तेही सांगा.

शाहूपुरीकर:
हायवेला काही प्रॉब्लेम नाही, ११० पर्यंत आरामात जाते. आवाजाकडे लक्ष दिलं नाही. चेक इंजिन लाईट पण नाही. फिल्टर सर्व्हिसिंगला बदलतातच की.

इचलकरंजीचा_मिस्त्री:
बिलात बघा, बदलतातच असं धरून चालू नका. लाईट नसली म्हणजे सगळं ठीक असंही नाही, बूस्ट थोडाच कमी पडत असेल तर लाईट लागत नाही. स्कॅनर लावून गाडी चालवत अपेक्षित बूस्ट आणि मिळालेला बूस्ट हे दोन आकडे शेजारी बघायचे, अर्ध्या तासात कळतं. हायवेला पळते म्हणताय म्हणजे माझा पहिला संशय व्हॅक्यूमच्या नळीवर.

स्मार्ट_ड्राइव्ह:
ऑनलाईन हजार-बाराशेला ओबीडी पोर्टमध्ये (स्कॅनर जोडायची जागा) लावायचं छोटं यंत्र मिळतं, इंजिन स्वतःच ट्यून होतं म्हणे. कोणी वापरलंय का? १८ हजार कशाला घालवायचे?

टॉर्कवाला:
ते उघडून बघा एकदा. आत दोन-तीन एलईडी आणि ते लुकलुकवणारी चिप, बाकी काही नाही. बाराशे रुपयात ईसीयू कोणी लिहून देत नाही हो.

डिझेल_दरबार:
यावर मात्र टॉर्कवाल्यांशी सहमत.

नाशिक_रायडर:
कोणीच कायद्याचं बोलत नाहीये म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलंय. रस्त्यावर कोणी बॉनेट उघडून बघत नाही हे मान्य, पण उद्या अपघात झाला आणि इन्शुरन्सच्या सर्व्हेअरला बॉक्स दिसला तर क्लेमला अडचण येऊ शकते. घरची सहा-सात माणसं गाडीत असतात म्हणताय, तर याचा विचार करा. बदल करणार असाल तर इन्शुरन्स कंपनीला आधी लेखी कळवा.

टॉर्कवाला:
रिमॅप बाहेरून दिसत नाही.

नाशिक_रायडर:
दिसत नाही म्हणून कायदेशीर होत नाही. आणि कंपनीच्या टूलने फाईल तपासली तर सापडू शकतो.

क्रिस्टा_साताराकर:
माझ्याकडे क्रिस्टा बीएस६ आहे, मॅन्युअल. मला पण पिकअप थोडा वाढवायचाय. बॉक्स लावला तर चालेल का? वेगळा धागा काढत नाही, इथेच विचारतो.

इचलकरंजीचा_मिस्त्री:
बीएस६ ला माझं स्पष्ट नाही. त्यात डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आहे, जादा डिझेल म्हणजे जादा काजळी, फिल्टर लवकर भरतो, मग वरचेवर रिजनरेशन (साठलेली काजळी जाळणं), आणि शहरातल्या शहरात फिरत असाल तर तेही पूर्ण होत नाही. फिल्टर बदलायचा खर्च ऐकलात तर पिकअपचं नाव काढणार नाही. तुमच्या गाडीत पॉवर मोड आहे, तो वापरा.

घाटवाटा:
आंबा घाटाचं सध्या काय आहे? चौपदरीकरणाचं काम चालू आहे ना, मध्येच एका बाजूची वाहतूक थांबवतात. पावसात दरड पण येते. गणपतीला निघायच्या आधी चौकशी करा, नाहीतर गगनबावड्याने करूळ घाट उतरून या, लांब पडतं पण.

रत्नांग्री_हापूस:
देवरुखला जायला करूळने कोण जातं? वैभववाडीला उतरून परत उत्तरेला यायचं, अर्धा दिवस जाईल. अणुस्कुरा एकवेळ म्हणा. पण एर्टिगा भरून अणुस्कुरा नको, ती वळणं आंब्यापेक्षा तीव्र आहेत.

शाहूपुरीकर:
घाटाचं राहू दे. काल इथल्याच एका ओळखीच्या गॅरेजला दाखवली. व्हॅक्यूमची नळी टर्बोच्या बाजूला चिरलेली निघाली, अगदी मिस्त्री म्हणाले तशीच. नळीचे दीडशे रुपये, मजुरी वेगळी. इंटरकूलरच्या पाईपला क्लिपपाशी थोडं तेल आहे पण फुटलेला नाही, क्लिप बदलली. पन्हाळ्याला जाऊन आलो, दुसऱ्या गिअरला १८०० आरपीएमच्या पुढे पहिल्यासारखी उचलते. मिस्त्री साहेब मनापासून आभार. पण माझा मूळ प्रश्न अजून आहे. गाडी पहिल्यासारखी झाली तरी भरलेली असताना कमीच पडते, मला थोडं जास्त पाहिजेच आहे. आता बॉक्स की रिमॅप?

टॉर्कवाला:
रिमॅप. सौम्य फाईल घ्या, सगळ्यात जास्त आकडा दाखवणारी नको. २०-२५ टक्के वाढ म्हणून जाहिरात करतात, तुम्ही त्याच्या निम्मी मागा, आणि धुराची मर्यादा काढू नका असं ट्यूनरला स्पष्ट सांगा.

डिझेल_दरबार:
बॉक्स. उद्या गाडी विकताना काढून दुसऱ्याला विकता येईल, रिमॅपचे पैसे गाडीबरोबर गेले. आणि बिघडला तर कनेक्टर काढून मूळ जोडला की घरी पोचता.

इचलकरंजीचा_मिस्त्री:
दोघांच्या आधी क्लच. एक लाख बारा हजार झालेत, बदललाय का? सपाट मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला चाळीस-पंचेचाळीसवर एकदम पूर्ण एक्सलेटर दाबून बघा. आरपीएम वर पळालं आणि स्पीड मागे राहिला तर क्लच घसरतोय. कंपनीच्या टॉर्कलाच घसरणारा क्लच वाढवलेल्या टॉर्कला घाटात जळेल, आणि सात माणसं घेऊन मध्येच उभे राहाल.

शाहूपुरीकर:
करून बघितलं. आरपीएम वर जातं. थोडंच, पण जातं. घाटात एक जळका वास यायचा तो मला ब्रेकचा वाटायचा.

इचलकरंजीचा_मिस्त्री:
चढताना ब्रेकचा वास कशाला येईल. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला, नुसती प्लेट बदलून परत गिअरबॉक्स उतरवायची वेळ आणू नका. गणपतीच्या आत एवढंच करा. नवीन क्लच बसल्यावर पहिले काही शे किलोमीटर जपून, हाफ क्लचवर चढावर धरून ठेवू नका. देवरुखला जाऊन या, मग बघा कमी पडते का. तरी पडली तर माझं मत रिमॅपच, बॉक्सला नाही, कारण तुम्हाला पाहिजे ते खालच्या आरपीएमला पाहिजे आणि तिथे बूस्ट हलवल्याशिवाय फरक पडत नाही. फक्त डिझेल वाढवणारा बॉक्स तिथे नुसता धूर काढेल.

डिझेल_दरबार:
खालच्या आरपीएमचं म्हणाल तर मान्य, बॉक्सचा खरा जोर २००० च्या पुढेच लागतो. माझं फिरणं हायवेचं जास्त आहे म्हणून मला जमला असेल.

शाहूपुरीकर:
क्लचला सोमवारी गाडी टाकतोय. रिमॅपवाल्याला दिवाळीनंतर येतो म्हणून सांगितलंय. @नाशिक_रायडर इन्शुरन्सला लेखी कळवायचं म्हणजे ईमेल चालतो का एजंटकडेच द्यायचं?

नाशिक_रायडर:
ईमेल कंपनीच्या कस्टमर केअरला करा आणि एजंटला सीसी ठेवा. उत्तर आल्याशिवाय रिमॅप करू नका, तोंडी "चालतंय हो" म्हणाले तर धरू नका.