मिरॅकल फ्रूट: कुंडीतल्या झुडपाची पाने पिवळी, कडा करपलेल्या

प्रश्न: मिरॅकल फ्रूटचे (जे खाल्ल्यावर आंबटही गोड लागते ते फळ) बियांपासून वाढवलेले झाड, उंची दीड फूट. नवी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या. जुन्या पानांची टोके तपकिरी. पाणी बोअरचे. खत वाढवू का?

उत्तर १: खत अजिबात नको! शिरा हिरव्या आणि पान पिवळे, म्हणजे लोह मिळत नाही. या झुडपाला माती आम्लधर्मी लागते, पीएच (आम्लता मोजण्याचे माप; आकडा कमी तितकी आम्लता जास्त) ४.५ ते ५.८. बोअरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेट या क्षारामुळे पीएच चढतो, मग मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. पावसाचे किंवा आरओचे पाणी द्या. तोवर चिलेटेड लोह (मुळांना घेता यावे म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेले लोह) द्या, पण ईडीडीएचए प्रकारचेच. ईडीटीए हा दुसरा प्रकार चढ्या पीएचला टिकत नाही.

उत्तर २: टोके करपतात ती बहुधा साचलेल्या क्षारांमुळे. कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट साधे, क्षारविरहित पाणी हळूहळू ओतून निचरा होऊ द्या. पुढच्या वेळी कुंडी भरताना पीट मॉस (दलदलीतले कुजलेले शेवाळ) आणि परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) समप्रमाणात घ्या. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरायचेच तर आधी नीट धुवा.

प्रश्नकर्ता: फळे कधी?

उत्तर १: बियांच्या झाडाला साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी. पुढे बी लावाल तेव्हा फळातून काढल्या काढल्या लावा, वाळले की रुजत नाही.