मदत हवी आहे: पार्सल चहाचं न सांडणारं झाकण

नमस्कार मंडळी. पुण्यात आमचं चहाचं छोटं दुकान आहे, आजूबाजूच्या ऑफिसांत पार्सल जातं. १५० मिलीचा कागदी कप, वर झाकण. स्कूटरवर दोन स्पीडब्रेकर झाले की पिशवीच्या तळाशी चहाचं तळं!

नीट पाहिलं तर गळती बहुतेक एकाच जागी होते. कपाचा कागद जिथे एकावर एक चिकटवलेला असतो, तिथे काठाला बारीकशी पायरी येते आणि झाकण घट्ट बसत नाही. आता झाकणाचं पिण्याचं भोक त्या जोडाच्या बरोबर विरुद्ध बाजूला ठेवतो, थोडा फरक पडला. वाफेचं छिद्र चिकटपट्टीने बुजवून पाहिलं, तर झाकणच टप्पकन उडालं (हसू नका, शर्ट गेला). पेटचं (पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकचं) पारदर्शक झाकण उकळत्या चहाने मऊ पडतं, म्हणून पीपीचं (पॉलिप्रॉपिलीन, जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक) घेतो.

भाच्याने थ्रीडी प्रिंटरवर नवीन नमुना करायला घेतलाय. काठाला आतून-बाहेरून धरणारी खाच किती खोल असावी? भोकावर दाबून बसणारं बूच बरं, की झाकणालाच उतार द्यावा, म्हणजे उसळलेला चहा परत कपात जाईल? प्लास्टिकची झाकणं ओतायच्या साच्याचं काम केलेलं कुणी आहे का इथे? साचा एकदा कापला की पैसे गेलेच, म्हणून आधी विचारतोय.